न चाखता निवडलेली वाइन

मी आयुष्यात वाइनचा एक घोटही घेतलेला नाही. तरीसुद्धा मागच्या उन्हाळ्यात अमेरिकेत, ॲन आर्बरमधल्या बऱ्याच लोकांनी माझ्या सांगण्यावरून वाइन विकत घेतली, घरी नेऊन जेवणाबरोबर प्यायली आणि पुढच्या शनिवारी दुकानात येऊन 'ती मागच्या वेळची कोथिंबीरवडीबरोबरची द्या' म्हणून मागितली. आता यात माझा काय दोष? मी फक्त वास घेतला होता.

न पिण्यामागे सोवळंओवळं काही नाही बरं का. लग्न होऊन इकडे आल्यावर एका पार्टीत कुणीतरी हातात ग्लास दिला, मी तो तोंडापर्यंत नेला, आणि मनात म्हटलं, यापेक्षा ताक काय वाईट? ग्लास नवऱ्याच्या हातात दिला, तो आजतागायत त्याच्याच हातात आहे. नवरा पुण्याचा, मी नागपूरची. तो इथल्या विद्यापीठात उंदरांवर संशोधन करतो. घरात भांडण झालं की तो तसाच जरा लांब उभा राहून निरीक्षण करतो.

आणि भांडण होतं, चांगलं दोन वर्षांचं. आमची एकुलती एक लेक इंजिनिअर. ॲरिझोनात चँडलरला कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या कंपनीत होती. एक दिवस फोन आला, 'आई, आय क्विट.' सोडली तर सोडली, दुसरी मिळेल, म्हणून मी गप्प बसले. तर बाईसाहेब सामानासकट घरी हजर, आणि आठवड्याभरात गावातल्या वाइनच्या दुकानात कामाला! मी कपाळावर हात मारून घेतला.

"दारूच्या दुकानात?"

"दारूचं नाही, आई. वाइनचं."

"मग काय फरक आहे? एकाची बाटली बुटकी, एकाची उंच."

नागपूरला बहीण विचारायची, लेक सध्या काय करते गं? मी सांगायचे, फूड इंडस्ट्रीत आहे. त्यात खोटं काही नाही. पण लेकीच्या कानावर ते गेलं आणि तिनं जे तोंड फुगवलं, ते बरेच दिवस उतरलं नाही. शेवटी नवऱ्यानं तोडगा काढला की जेवताना दुकानाचा विषय काढायचा नाही. झालं! जेवताना आमच्याकडे हवामानावर इतकं बोलणं कधीच झालं नव्हतं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला काका-काकू राहतात. काका हृदयाचे डॉक्टर होते, आता निवृत्त. फार जुने लोक, आम्ही इथे आलो तेव्हा पहिलं वरण-भात-तूप काकूंच्या हातचं खाल्लेलं. काकांना वाइनचा मोठा शौक. ग्लास गोल गोल फिरवायचा, डोळे मिटायचे, आणि मग जे बोलायचं ते आपल्याला अजिबात कळता कामा नये. काकू म्हणायच्या, "यांच्या कौतुकाकडे लक्ष देऊ नकोस गं. लेबलवरची किंमत वाचल्याशिवाय यांना चव लागत नाही." मिशिगनचा हिवाळा संपला रे संपला की आमची रविवारची जेवणं मागच्या अंगणात सुरू होतात, आणि काका-काकू येतातच.

त्या वर्षीचं पहिलं जेवण मे महिन्यात होतं. थंडी जरा होतीच, पण ऊन पडलंय म्हटल्यावर इथे कुणी आत बसत नाही. नवरा ग्रिलशी झुंजत होता, काका त्याला सल्ले देत होते, मी टेबल पुसत होते. लेकीला म्हटलं होतं, काकडीच्या कोशिंबिरीला फोडणी कर. आणि एकदम मला अंगणात हिंगाचा जळका वास आला. आत धावले. पाहते तर शेगडीवर फोडणीची पळी धुरानं भरलेली, मोहरीचे काळे दाणे इकडे तिकडे, आणि ही शेगडीकडे पाठ करून शांतपणे काकडी चोचवतेय. तेवढ्यात छताला लावलेला धुराचा अलार्म कोकलायला लागला. नवरा आत येऊन टॉवेलनं वारा घालायला लागला.

"नाक काय गहाण ठेवलंयस का?" मी ओरडले. "हाताच्या अंतरावर जळतंय आणि तुला पत्ता नाही?"

तिनं सुरी खाली ठेवली आणि ढसाढसा रडायला लागली. लहानपणी पडल्यावरसुद्धा न रडणारी मुलगी. मी हबकलेच.

"मला वास येत नाही, आई. जानेवारीपासून."

जानेवारीत तिला कोविड झाला होता. चार दिवस झोपली, उठली, कामाला गेली. आम्हाला वाटलं, संपलं. पण त्याबरोबर हिचं नाक गेलं ते परत आलंच नव्हतं. आणि पोरीनं इतके महिने कुणाला सांगितलं नव्हतं! दुकानात जुन्या आठवणीवर आणि दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचून वेळ मारून नेत होती. आणि नेमकं त्याच आठवड्यात दुकानाच्या मालकानं तिला बोलावून सांगितलं होतं, या उन्हाळ्यात दर शनिवारी दुकानात एक टेबल मांडायचं. खिशाला परवडतील अशा फ्रेंच वाइन आणि त्याबरोबर उन्हाळ्यातलं साधंसुधं खाणं. बाटल्या तिनं निवडायच्या, काय कशाबरोबर जातं ते तिनं लोकांना सांगायचं. जमलं तर पुढे दुकानाची सगळी खरेदीच तिच्याकडे. ज्यासाठी तिनं इंजिनिअरिंग सोडलं, ते हेच काम. कशात काय नि फाटक्यात पाय.

खरं सांगायचं तर मला आनंद व्हायला हवा होता. दोन वर्षं मी म्हणत होते की सोड ते दुकान. आता दुकान आपणहून सुटत होतं. पण तिचा तो चेहरा बघून आनंद कुठला व्हायला! एखाद्याचं हक्काचं काही कुणी हिसकावून नेतंय आणि आपण नुसतं बघतोय असं झालं. आणि मला नुसतं बघत बसता येत नाही, हा माझा स्वभावच आहे.

"जीभ ठीक आहे ना तुझी?" मी विचारलं.

"म्हणजे आंबट, गोड, कडू कळतं. तिखट कळतं. पण वास नाही तर काही अर्थच नाही गं. वाइन इज ऑल नोज."

"मग जीभ तुझी, नाक माझं. आण बाटल्या घरी."

रडता रडता ती हसायला लागली. "आई, तू वाइन पीत नाहीस!"

"प्यायची कशाला? तुझ्या आजीच्या हाताखाली मी दर गणपतीला, दर कुळधर्माला स्वयंपाक केलाय. नैवेद्याचं चाखायचं नसतं. वीस माणसांची आमटी, पुरण, कटाची आमटी, भाज्या, सगळं नुसत्या वासावर. मीठ कमी असलं तरी आमटीच्या वाफेवर कळतं मला. कधी अळणी जेवलीस माझ्याकडे सणाला?"

नवरा टॉवेल हातात धरून म्हणाला, "हे खरं आहे हं. सणाला कधीच चुकत नाही. एरवी चाखून करते तेव्हा चुकतं."

याच्याशी मी नंतर बोलले.

अशी आमची शाळा सुरू झाली. दुकानात माल विकणारे लोक नमुन्याच्या बाटल्या ठेवून जायचे, त्या ती घरी आणायची. मी ग्लासात नाक खुपसायचे आणि जे येईल ते बोलायचे. मला काकांसारखे शब्द येत नव्हते. पहिलीच बाटली फ्रान्सच्या पूर्वेकडची, अल्सासची. वास घेतला आणि ओरडलेच, "बाप्पा! हा तर गुलकंद आहे!" लेकीनं डोळे विस्फारले. म्हणाली, पुस्तकात रोझ आणि लीची लिहिलंय. म्हटलं, पुस्तकवाल्यानं गुलकंद खाल्ला नसेल, त्याला काय बोलायचं. दुसऱ्या एका पांढऱ्या वाइनला हिरवी मिरची नुकतीच मोडल्यावर येतो तसा वास होता. तेही बरोबर निघालं. मस्कादे नावाची एक अगदी स्वस्त पांढरी वाइन होती, तिला म्हणे समुद्राचा वास असतो. आता नागपूरच्या बाईला समुद्र कुठून माहीत असणार? मी आपलं म्हटलं, धुतलेल्या दगडासारखा येतोय, पाटा-वरवंटा धुवून उन्हात ठेवतात तसा. लेक म्हणाली, परफेक्ट. मी कॉलर ताठ केली.

मग लेक एक घोट घेऊन सांगायची की आंबटपणा किती, गोडवा किती, जिभेला ओढतंय का. तिचं आणि माझं जोडून मग ठरायचं की ही कशाबरोबर जाईल. मस्कादे गेली कांदाभज्यांबरोबर. कांदाभजी मी एका रविवारी केली, सगळ्यांनी एक भजं, एक घोट असं सुरू केलं आणि भजी संपेनात म्हणून नाही, संपली म्हणून मला पुन्हा आत जाऊन कांदे चिरावे लागले. कलिंगडाच्या वासाची गुलाबी वाइन पावभाजीबरोबर गेली. बटाटेवड्यांबरोबर फेसाळणारी क्रेमाँ. काका म्हणाले, शँपेनच्या तोडीस तोड आहे! काकूंनी विचारलं, किंमत बघितलीत का? काकांनी बघितली आणि आणखी एक ग्लास घेतला.

चुका झाल्या नाहीत असं नाही. जुलैच्या सुरुवातीला मला माहेरची आठवण आली आणि मी सावजी चिकन केलं, नागपुरी, काळा रस्सा, वर लाल तर्री. माझ्या नाकाला बोर्दोची एक जाडसर लाल वाइन आवडली होती. म्हटलं, हे जड, ते जड, जमेल जोडी. लेक दुकानात होती, तिची जीभ हजर नव्हती. आणि मी तिची वाट न बघता वाढून मोकळी झाले. नवऱ्यानं रश्श्याचा घास घेतला, वर वाइनचा मोठा घोट घेतला, आणि माणूस जो उठला तो थेट बागेच्या नळापाशी. काका खोकत होते, डोळ्यांतून पाणी, तरी मान डोलावत होते. एरवी तिखट खाऊन पचवणारे हे लोक, पण त्या वाइननं तिखट दुप्पट केलं होतं. लेक घरी आली तेव्हा तिघंही दह्याची वाटी घेऊन बसलेली. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "आई, तिखटाबरोबर टॅनिन, लाल वाइनमधला तो तुरटपणा, नाही चालत गं. तिखटाला थोडी गोड वाइन लागते." तिनं फ्रीजमधून वूव्रेची मधाच्या वासाची बाटली काढली, आणि काय सांगू, तोच रस्सा सगळ्यांनी पुन्हा वाढून घेतला. त्यानंतर बरेच दिवस मी तिच्या जिभेशिवाय काही वाढलं नाही.

दुसरी अडचण आपल्या ताटाची. त्यांच्याकडे एक पदार्थ येतो, तो संपतो, मग दुसरा. त्यामुळे एकेका पदार्थाला एकेक वाइन शोभते. आपल्या ताटात डावीकडे चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, मध्ये वरण-भात, आणि माणूस मनाला येईल तसा फिरतो. एकच वाइन किती जणांची मनं राखणार? आणि शिवाय आपली सवय, आधी स्टार्टर्स म्हणून एवढं खायला घालायचं की जेवणापर्यंत बाटली आणि भूक दोन्ही संपलेली. लेकीनं फर्मान काढलं की उन्हाळाभर एकाच पदार्थाचं जेवण. मला आधी ते फार लाजिरवाणं वाटलं. पाहुण्यांना काय नुसतं थालीपीठ वाढायचं? पण वाढलं. शेजाऱ्यांनी दारात आणून ठेवलेल्या झुकिनीचं, वर लोण्याचा गोळा. बरोबर लिंबासारखी आंबट पिकपूल वाइन. काकूंनी चार खाल्ली आणि म्हणाल्या, "बाई गं, इतकी वर्षं आपण उगाच मरमर मेलो."

शनिवारच्या टेबलावर अर्थात थालीपीठ नव्हतं. तिथे लेक मक्याची कणसं, टोमॅटोचं सॅलड, बर्गर असलं मांडायची. पण एकदा मी हट्टानं कोथिंबीरवडी पाठवली आणि मग लोक तीच मागायला लागले. मालक, पांढऱ्या मिशांचा, मितभाषी माणूस, त्यानं विचारलं, ही पेअरिंग्ज, या जोड्या, तू कुठून काढतेस? पोरीला खोटं बोलणं जमेना. तिनं सगळं सांगून टाकलं, नाक गेल्याचं आणि माझ्या नाकाचंही.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती पांढरीफटक. मालक रागावला नव्हता. सांगितलंस ते बरं केलंस म्हणाला. शनिवारचं टेबल सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेपर्यंत तसंच चालू दे, तुझ्या आईला थँक्स सांग म्हणाला. पण खरेदीचं काम तो आईच्या नाकावर देऊ शकत नव्हता. लेबर डेपर्यंत वास आला तर काम तिचं. नाहीतर काउंटरवर बस, ते कायम आहे. दुसऱ्या कुणाला तरी खरेदीला घेतो.

मला त्याचा राग आला आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं म्हणून आणखी आला. "त्याच्या मिशा उपटून हातात देते," मी म्हणाले.

"आई, ही इज राइट."

"असू दे ना राइट! राइट असला म्हणून काय झालं?"

काकांनी त्यांच्या ओळखीच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतंच. त्यांनी सांगितलं होतं, औषध असं काही नाही. रोज सकाळ-संध्याकाळ काही ठरावीक वासांचा व्यायाम. एकेक वास घ्यायचा, तो कसा होता ते आठवायचा प्रयत्न करायचा, आणि धीर धरायचा. धीर हा पदार्थ आमच्या घरात कधी शिजलाच नाही, पण व्यायामात मी कसूर ठेवली नाही. मसाल्याचा डबा घेऊन बसायचे. तिचे डोळे माझ्या ओढणीनं बांधायचे आणि नाकाखाली वेलची, लवंग, लिंबाची साल, गुलाबपाणी. ती म्हणायची, नथिंग. मी म्हणायचे, आठव. लवंग म्हणजे दात दुखायचा तेव्हा आजी लावायची ते. ती म्हणायची, दात आठवतोय, वास नाही.

ऑगस्टमध्ये एक दिवस ती स्वयंपाकघरात येऊन थबकली. "आई, काहीतरी जळतंय. रबर." काही जळत नव्हतं, मी कॉफी करत होते. पण तिला वास आला होता! मी तिला मिठीच मारायला निघाले, तर ती नाक दाबून बाहेर पळाली. मग कळलं, वास यायला लागला होता खरा, पण सगळा चुकीचा. कॉफीला जळकं रबर, टूथपेस्टला कुजका पाला. तिला जेवण जाईना. दुधी नि भात, भात नि दुधी. डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे. मी मनात म्हटलं, तुमच्या ताटात वाढा म्हणजे कळेल. आणि त्याच आठवड्यात ती मला पहिल्यांदा म्हणाली की चँडलरच्या जुन्या मॅनेजरला मेसेज टाकलाय, जागा आहे का विचारायला.

दोन वर्षांपूर्वी हे ऐकलं असतं तर मी पेढे वाटले असते. आता मी तिला म्हणाले, "थांब ना जरा. महिना संपू दे." खोलीत जाऊन मी डोळे पुसले. मला त्या चिपा नकोच होत्या. मला ती शनिवारची हवी होती, टेबलामागे उभी राहून अनोळखी माणसांना हात हलवून हलवून सांगणारी. मी दोनदा दुकानात जाऊन कोपऱ्यातून बघितलं होतं तिला. चँडलरहून फोनवर बोलणाऱ्या लेकीचा आवाज कधी असा लागला नव्हता.

लेबर डेच्या आधीचा तो रविवार. उन्हाळ्यातलं शेवटचं मोठं जेवण. मी ग्रिलवर वांगी भाजली, सालं काळी होईपर्यंत, आणि भरीत केलं. भाकरी होती, कांदा होता, एवढंच. काका स्वतः दुकानात जाऊन ऱ्होनकडची लाल वाइन घेऊन आले होते, स्वस्तातली, आणि तोरा असा की जणू वेलींना पाणी त्यांनीच घातलं. बूच उघडलं, ग्लास भरले आणि रिवाजाप्रमाणे पहिला ग्लास माझ्या नाकाखाली आला.

मी वास घेतला. जरा दबलेला, ओलसर होता. आमच्या तळघरासारखा, धान्याच्या जुन्या पोत्यासारखा. पण आता मी काही कच्ची राहिले नव्हते. म्हटलं, "माती! मातीचा वास आहे. भाजलेल्या वांग्याला मातीच पाहिजे." काका म्हणाले, "वा! अर्थी, व्हेरी अर्थी." नवऱ्यानं घोट घेतला आणि म्हणाला, "डीप आहे." काकूंनी ग्लास बाजूला ठेवला, पण बोलल्या नाहीत. ज्याचा त्याचा मान.

लेक उशिरा येऊन बसली. तिच्यासमोर दहीभात होता. तिनं सवयीनं ग्लास उचलला, नाकाशी नेला, खाली ठेवला. पुन्हा उचलला.

"आई, ही बाटली खराब आहे."

"खराब कशानं? माती आहे ती."

"नाही गं. कॉर्क्ड आहे. बुचामुळे वाइन बिघडते कधी कधी. ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय."

"काहीतरीच काय! मी उन्हाळाभर वास घेतेय, मला कळत नाही का?" माझा पारा चढला. एवढ्या लोकांसमोर माझं नाक कापलं जात होतं. "आमच्याकडे माती काय कमी आहे का? मला माती कळते. तू आपली पुस्तकातली उदाहरणं देऊ नकोस."

"आई, माती नाहीये. पुठ्ठा आहे. बेसमेंटमध्ये पाणी शिरलं होतं तेव्हा खोक्यांना येत होता ना, तो. तुला येत नाहीये?"

"मला येतोय तो—"

"अगं," नवरा म्हणाला. तो टेबलाच्या टोकाला बसून आमच्याकडे बघत होता. त्याचा आवाज चमत्कारिक झाला होता. "अगं, ऐक जरा. तिला वास येतोय."

मी हातातली भाकरी ताटात ठेवली.

लेकीनं पुन्हा ग्लासात नाक घातलं, मग माझ्याकडे बघितलं. मग ती उठलीच. भरिताच्या पातेल्यावर वाकली. "धूर," म्हणाली. कांदा उचलला, भाकरी उचलली, टोमॅटोचं पान चुरडून हुंगलं. काकांच्या मागून जाताना म्हणाली, "काका, तुम्ही आफ्टरशेव्ह फार लावता." काकू म्हणाल्या, "सांग बाई, मी पन्नास वर्षं सांगतेय." शेवटी माझ्यापाशी आली, खाली वाकून माझ्या मानेत तोंड खुपसलं आणि कितीतरी वेळ तशीच राहिली.

"आई, तुझ्या केसांना लसणाचा वास येतोय."

"येणारच," मी म्हणाले, "लसूण काय तुझ्या मालकानं सोलला?" चारचौघांत माझं इतकं चुकल्याचा मला आयुष्यात कधी एवढा आनंद झाला नाही. मी रडत होते, हसत होते, पदर नव्हता म्हणून भाकरीच्या फडक्यानं डोळे पुसत होते.

काकांनी ती बाटली झेंडूच्या वाफ्यात रिकामी केली, तेही मोठ्या थाटात. मग नवऱ्यानं आतून दुसरी आणली, फ्रीजमध्ये जरा गार केलेली बोजोले. काकांनी ती ओतली आणि सवयीनं पहिला ग्लास माझ्यापुढे धरला.

मी तो हातानं बाजूला सारला.

"तिला द्या," मी म्हणाले. "वाइनमधलं तिला कळतं."